बिनमालाचं दुकान

पावसाळाभर पुरेल इतकी सोलां (म्हणजे आमसुलं), सुकी मासळी, चिंच, मिरच्या आणि उकडे तांदूळ मे महिन्यातच भरून ठेवणाऱ्या आमच्या डिचोलीच्या घरात मी जाहीर केलं, की मी असा धंदा काढतोय ज्यात माल साठवायचाच नसतो. ड्रॉपशिपिंग! गिऱ्हाईक माझ्या साइटवर ऑर्डर देणार, ती मी राजकोटच्या कारखानदाराला कळवणार, तो परस्पर पार्सल धाडणार आणि मधला फरक माझ्या खिशात.

आईने सगळं शांतपणे ऐकलं. "पूण माल खंय आसा?"

ही बाई म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिरची मोडते, हुंगते, विकणारणीच्या माहेरची चौकशी करते आणि मग पाव किलो घेते. तिला काय समजावणार?

विकायचं काय, हा खरा घोळ. खोल्याची मिरची सुचली. तिला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, भाव आहे. पण खाण्याची वस्तू म्हटली की एफएसएसएआयचा परवाना आला. फेणीलाही जीआय आहे, पण ती कुरियरने मुंबईला धाडायची म्हणताच आमच्या सीएंनी फोनच ठेवला. शेवटी नारळाची खवणी ठरली. ओट्याला अडकवा, हँडल फिरवा. सडत नाही, फुटत नाही आणि 'साइज छोटी पडली' अशी तक्रार येत नाही. सीए पुन्हा फोनवर आले ते जीएसटी घेऊन: परराज्यात माल विकायचा तर, काही हस्तकला सोडल्या, तर उलाढाल कितीही किरकोळ असो, नोंदणी हवीच.

मग थीम, म्हणजे साइटचा तयार साचा. मालाला शोभेल अशी थीम घ्या, असं सगळे सांगतात. माझी साइट शॉपिफायवर, म्हणजे ऑनलाइन दुकान थाटायच्या सॉफ्टवेअरवर. ते ज्यांनी काढलं त्यांना मुळात स्नोबोर्ड विकायचे होते; तयार सॉफ्टवेअर पटेना म्हणून त्यांनी स्वतःचं लिहिलं आणि २००६ साली ते इतरांसाठी खुलं केलं. त्यांच्या डोक्यात खवणी नव्हती हे थीम बघताच कळतं. सगळीकडे उन्हात उदास उभ्या असलेल्या सडपातळ मुली. एकीच्या जागी मी खवणी ठेवली, तर तीही उदास दिसायला लागली. खाली नमुन्याचा मजकूर होता, लोरेम इप्सम वगैरे. आजोबा पोर्तुगीज अमदानीत लिसेवात शिकलेले. चष्मा लावून त्यांनी परिच्छेद संपवला आणि म्हणाले, "हे पोर्तुगीज नव्हे. लॅटिन. आणि तेही मोडकं. मास्तरांनी कान पिळला असता."

साइटवर तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि फोन द्यावा लागतो. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत तसं आहे: ४८ तासांत तक्रारीची पोच, महिन्याभरात निवारण. दिवसभर घरी कोण असतं? आई. मी तिची नेमणूक केली.

ऑर्डरी येऊ लागल्या. बहुतेक कॅश ऑन डिलिव्हरी. पार्सल दारात पोचेपर्यंत माणसाचं मन पालटतं, "मी मागवलंच नाही" म्हणतो आणि खवणी परत निघते. राजकोटला नव्हे, परतीचा पत्ता माझा. दोन्ही वेळचं भाडंही माझं. एक खवणी तर आमच्याच गल्लीत फिरून 'पत्ता सापडत नाही' म्हणून परत आली. मावशीने पत्त्यात 'देवळामागे, फणसाकडे' असं स्वच्छ लिहिलं होतं, आणि त्या मुलाला फणस ओळखता येईना. पलंगाखाली, मिरच्यांच्या डब्याशेजारी, बिनमालाच्या दुकानाचा माल वाढत चाललाय. आई रोज केर काढताना तो मोजते.

परवा वसईहून एका बाईंचा फोन आला. खवणी ओट्याला घट्ट बसत नाही. अधिकारी बोलल्या, "बसायची नाहीच ती! बाय, परत कर, पैसे घे आणि लोहाराकडची विळी घे." मी हातवारे करत राहिलो. मग गप्पा मासळीच्या कालवणावर गेल्या, तिथून आंबटावर. फोन ठेवला तेव्हा तक्रार निवारण झालेली होती आणि बाईंना आमची दोन किलो सोलां हवी होती.

आता मी एफएसएसएआयचा फॉर्म भरतोय. समोर आई बसलीय, "माल खंय आसा" हा रकाना कुठे आहे ते विचारत.