विमान वळवणं म्हणजे कंपनीची चलाखी नव्हे

गोव्यात दोन विमानतळ आहेत, दाबोळी आणि पेडण्यातलं मोपा. पावसाळा आला की तिथे एक मेसेज फिरू लागतो: ‘दाबोळीला उतरता आलं नाही, तर विमान बाजूच्या मोपालाच न्यायला हवं. बंगळूर-हैदराबादला नेतात ते कंपनीच्या सोयीसाठी, तेव्हा भरपाई मागाच.’ दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

दाबोळीवर ढग फुटलेला असताना पेडण्यात ऊन असेलच असं नाही. बऱ्याचदा एकच पावसाची फळी दोन्ही धावपट्ट्या झाकते. म्हणूनच पर्यायी विमानतळ उड्डाणाआधीच ठरवलेला असतो. टाकीत गोव्यापर्यंतचं, तिथून त्या पर्यायी विमानतळापर्यंतचं आणि वर अर्धा तास घिरट्या घालण्याइतकं इंधन ठेवावंच लागतं. ठरावीक उंचीपर्यंत खाली येऊनही धावपट्टी दिसली नाही, तर वैमानिक विमान पुन्हा वर घेतो. हा त्याचा हट्ट नसतो, नियमच तसा आहे. यात कंपनीचा फायदा तो कसला? इंधन जळतं, जादा शुल्क भरावं लागतं, पुढच्या फेऱ्या कोलमडतात.

हवा निवळली की बहुधा इंधन भरून तेच विमान परत येतं. मात्र वैमानिकांचे कामाचे तास संपले, तर नवे वैमानिक येईपर्यंत थांबावं लागतं. प्रवासी सर्वांत जास्त वैतागतात ते इथेच. त्या वेळी कंपनीने नीट माहिती द्यायलाच हवी, याबद्दल माझं दुमत नाही.

आता भरपाईचं. डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांत खराब हवामानामुळे झालेल्या उशिराला किंवा रद्द उड्डाणाला नुकसानभरपाई नाही. उड्डाण रद्दच झालं, तर तिकिटाचे पैसे परत मागण्याचा हक्क मात्र राहतो. काउंटरवर तोच मागा.