एका बादलीत सगळे डाग? मावशी, थांब!

सगळ्या ग्रुपांत फिरणारा तो मेसेज काल मावशीकडूनही आला. उकळत्या पाण्यात ब्लीच आणि व्हिनेगर सारख्याच प्रमाणात घाला, कुठलाही कपडा पाच मिनिटं बुडवा; रक्त, चहा, शाई, गंज, काहीही असो, डाग गायब. ‘शंभर टक्के घरगुती, शंभर टक्के सुरक्षित.’ शिवाय डागावर खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर, लिंबू चोळून ऊन, शाईवर हेअरस्प्रे अशा टिपा. एरवी मी असलं काही वाचतही नाही, पण खाली मावशीने लिहिलं होतं, ‘रविवारी करून बघते.’

अजिबात नको. ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. त्यात आम्ल पडलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि व्हिनेगर हे आम्लच. पाणी उकळतं असेल तर तो आणखी झपाट्याने वर येणार. बरं, माणूस हा उद्योग करणार कुठे? बाथरूममध्ये, बादलीवर वाकून! माझ्यावर विश्वास नसेल तर अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेचा १९९१ सालचा साप्ताहिक अहवाल आहे: कॅलिफोर्नियातल्या सरकारी रुग्णालयांत ब्लीच आणि आम्लयुक्त क्लीनर एकत्र आले आणि क्लोरीनने लोकांना बाधा झाली. चुकून कुणी मिसळलंच असेल तर वास घेऊन खात्री करत बसू नका, आधी मोकळ्या हवेत या. ब्लीच अमोनियात मिसळणंही तितकंच वाईट, त्यातून क्लोरामाइन वायू निघतात.

शिवाय ‘कुठलाही कपडा’ म्हणे! लोकर आणि रेशीम ही प्रथिनं. ब्लीच डागाआधी त्यांनाच खातं. कपड्याच्या लेबलवर फुली मारलेला त्रिकोण असतो, तो शोभेसाठी नसतो; ब्लीच वापरू नका, असं तो सांगतो.

रक्ताला उकळतं पाणी हा सल्ला देणाऱ्याने रक्ताचा डाग कधी धुतलेला दिसत नाही. उष्णतेने रक्तातली प्रथिनं गोठून धाग्यात पक्की बसतात. ताज्या डागाला थंड पाणीच. पांढरं सुती कापड असेल तर त्यानंतर तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड. फेस आला तर घाबरू नका, रक्तातलं एन्झाइम त्यातला ऑक्सिजन सोडवत असतं.

सोडा-व्हिनेगर? फसफस बघायला छान. दोघं एकमेकांना निकामी करतात आणि हाती उरतं ते बहुतेक सोडियम अ‍ॅसिटेटचं पाणी.

लिंबू-उन्हाचं मात्र थोडं खरं आहे, मान्य करावं लागतं. सायट्रिक आम्ल लोहाला धरून विरघळवतं, त्यामुळे पांढऱ्या सुती कापडावरचा गंज फिका होतो. रंगीत कपड्यावर डागाबरोबर रंगही जाईल, हे मेसेजमध्ये कुठेच नाही.

हेअरस्प्रेमध्ये बॉलपेनची शाई काढायचा तो त्यातला अल्कोहोल. हल्लीच्या बऱ्याच स्प्रेंमध्ये तो कमी असतो आणि वर चिकटपणा राहतो. त्यापेक्षा सरळ आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, कपड्याच्या कोपऱ्यावर आधी रंग जातो का बघा, डागाखाली जुनं फडकं ठेवा आणि टिपत राहा, चोळू नका. बऱ्याच जेल पेनांची शाई मात्र त्यालाही दाद देत नाही.