‘अडॅप्टर म्हणजे शुद्ध फसवणूक’ या प्रतिक्रियेला उत्तर

जुन्या कॉम्प्युटरमधली पीसीआय कार्डं (मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये खोचायची) अडॅप्टर लावून नव्या कॉम्प्युटरच्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटवर चालवण्याबद्दलच्या माझ्या लेखाखाली एका वाचकांनी चांगलंच सुनावलंय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: “तुमचं वाचून अडॅप्टर घेतला, जुनं साउंड ब्लास्टर लाइव्ह हे साउंड कार्ड लावलं, सोबतच्या सीडीवरून ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) टाकला. विंडोज ११च्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्ड दिसतं, पण आवाज शून्य. असल्या भंगारापेक्षा सरळ यूएसबीचं काहीतरी घ्या. लोकांना पैसे घालवायला कशाला लावता?”

अहो, तुमच्याच वाक्यात अडॅप्टरची बाजू आली आहे. कार्ड यादीत दिसतंय, म्हणजे पीसीआय एक्सप्रेसचं पीसीआयमध्ये रूपांतर करणारी ब्रिज चिप आपलं काम करते आहे. अडलंय ते ड्रायव्हरवर. ते कार्ड १९९८चं, सीडीवरचा ड्रायव्हर ३२ बिटचा आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं. ६४ बिट विंडोज ३२ बिटचा ड्रायव्हर दारातही उभा करत नाही. हेच कार्ड अडॅप्टरशिवाय, खऱ्या पीसीआय स्लॉटमध्ये लावलंत तरी त्या ड्रायव्हरने विंडोज ११वर गप्पच बसेल.

खात्री करायची तर पेनड्राइव्हवरून कुठलंही नेहमीचं लिनक्स चालवून बघा, इन्स्टॉल करायची गरज नाही. या कार्डाच्या ईएमयू१०के१ चिपचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यातच, आहे. तिथे गाणं वाजलं तर अडॅप्टर निर्दोष.

तिथेही आवाज आला नाही, तर मात्र अडॅप्टरकडे संशयाने बघा, आणि आधी वीजपुरवठा तपासा. पीसीआय स्लॉट +५, +३.३, +१२ आणि −१२ व्होल्ट देतो. पीसीआय एक्सप्रेसच्या स्लॉटमध्ये मुख्य पुरवठा १२ आणि ३.३ एवढाच. म्हणून बऱ्याच अडॅप्टरवर पॉवर सप्लायची वेगळी वायर जोडावी लागते. ती ‘ऑप्शनल’ समजून मोकळी सोडणारे खूप भेटतात. आणि −१२ व्होल्ट तर काही स्वस्त अडॅप्टरवर नसतोच. नेटवर्क कार्डाला सहसा त्याचं सोयरसुतक नसतं, पण ॲनालॉग भाग असलेल्या काही कार्डांना तो लागतो. जाता जाता: ज्या अडॅप्टरमध्ये यूएसबी ३ची निळी केबल असते, तिच्यातून यूएसबी नव्हे तर पीसीआय एक्सप्रेसचे सिग्नल जातात. ती कॉम्प्युटरच्या यूएसबी पोर्टमध्ये खुपसू नका.

वेगाची चिंता नको. ३२ बिट, ३३ मेगाहर्ट्झचा पीसीआय सेकंदाला १३३ मेगाबाइट नेतो आणि पहिल्या पिढीच्या एक्सप्रेसची एक लेन (डेटाची एक वाट) एका दिशेला २५०. त्रास होतो तो इंटरप्टचा, म्हणजे ‘माझ्याकडे लक्ष द्या’ अशी कार्डाने प्रोसेसरला दिलेल्या हाकेचा. जुन्या कार्डाची इंटरप्टची तार खरीखुरी तार असते. एक्सप्रेसमध्ये तारेऐवजी ‘चालू’ आणि ‘बंद’ असे दोन निरोप जातात. एएसएम१०८३ ही स्वस्त अडॅप्टरवर हमखास दिसणारी चिप ‘बंद’चा निरोप कधीकधी गिळते, आणि मग लिनक्स वैतागून ती इंटरप्टच बंद करून टाकतं. कार्ड अर्धा तास नीट चालून अचानक मरतं, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. म्हणून खरेदीच्या आधी फोटो मोठा करून चिपचा नंबर वाचा, असं मी दुकानात विचारायला आलेल्यांनाही सांगतो.

आता ‘सरळ यूएसबी घ्या’बद्दल. गाणी ऐकायची असतील तर शंभर टक्के मान्य, मीही तेच घेईन. पण माझा लेख गाण्यांसाठी नव्हताच. एखाद्या वर्कशॉपमध्ये लिनक्ससीएनसी (यंत्रं चालवणारं लिनक्सवरचं सॉफ्टवेअर) वापरणारं मिलिंग मशीन पीसीआयच्या पॅरलल पोर्ट (जुन्या प्रिंटरचा पोर्ट) कार्डावर आहे आणि मदरबोर्ड गेला, तर? यूएसबी-टू-पॅरलल केबल तिथे निरुपयोगी. ती प्रिंटरसाठी असते. मशीनच्या स्टेपर मोटरला (एकेका पल्सला एकेक पाऊल फिरणारी) मायक्रोसेकंदांच्या हिशेबाने पल्स लागतात, आणि यूएसबीवर जुन्या वेगात दर मिलिसेकंदाला, हायस्पीडमध्ये दर १२५ मायक्रोसेकंदांना एक खेप निघते. अशा ठिकाणी एक्सप्रेसचंच पॅरलल पोर्ट कार्ड किंवा चांगल्या ब्रिजचा अडॅप्टर, हे सोपे मार्ग उरतात. नवीन कार्ड घेतलंत तर पोर्टचा पत्ता बहुधा नेहमीचा ३७८ (हेक्स) नसेल, तेवढा सेटिंगमध्ये बदला. प्रयोगशाळेतल्या मापन कार्डांचं तर विचारूच नका. तिथे सॉफ्टवेअर त्या एकाच कार्डाला ओळखतं.

पीसीआयच्याही आधीच्या आयसा कार्डांबद्दल विचारणाऱ्या बाकीच्यांना एवढंच, की तो मामला पार वेगळा आहे. त्यांतल्या अनेकांना जुन्या पद्धतीचं डीएमए (प्रोसेसरला मध्ये न घेता मेमरीशी थेट देवाणघेवाण) लागतं आणि नव्या बोर्डांवर ते मिळवणं कर्मकठीण. त्यासाठी जुना बोर्डच शोधा.

लिनक्सवर काय झालं ते इथे जरूर लिहा, आणि तुमच्या अडॅप्टरवरच्या चिपचा नंबरही द्या.