"३०० चा प्लॅन, मिळतात ९४" या रिव्ह्यूला फायबर इंटरनेटवाल्या मालकाकडून उत्तर

नमस्कार साहेब,

एक स्टार दिलात, तो तुमचा हक्क आहे. नेट दीड दिवस बंद होतं आणि फोन कोणी उचलला नाही, त्याबद्दल मनापासून सॉरी. फोन उचलणारा माणूसच त्या रात्री खड्ड्यात टॉर्च धरून बसला होता. खोदकामात जेसीबीने आमची २४ कोरची, म्हणजे आत काचेच्या २४ बारीक तारा असलेली फायबर केबल ओढून तोडली. नुसती कापली असती तर परवडलं असतं, ओढल्यामुळे मागेपुढेही काच तडकते, मग दोन्ही बाजूंनी चांगली केबल लागेपर्यंत कापत जायचं आणि मधे नवा तुकडा टाकायचा, म्हणजे २४ कोरचे ४८ जॉइंट. एकेक कोर सोलायचा, स्पिरिटने पुसायचा, क्लीव्हर नावाच्या कटरने सरळ कापायचा, मशीनमधे समोरासमोर ठेवायचा, मशीन ठिणगी देऊन दोन्ही टोकं वितळवून जोडतं, मग वर स्लीव्ह चढवून गरम करायची. काचेची जाडी १२५ मायक्रॉन, त्यात उजेड जातो तो मधला भाग ९ मायक्रॉनच्या आसपास. धुळीचा एक कण आला की तो जॉइंट परत. घाई करून चालत नाही हो त्यात. असो, तुम्हाला त्रास झाला हे खरंच आहे.

पण ९४ चं मात्र मला बोलावंच लागेल.

तुम्ही लिहिलंय (आकडे स्पीडचे, एमबीपीएसमधे), "३०० चा प्लॅन घेतला, कधीच ९४ च्या वर जात नाही, हे लोक मुद्दाम स्पीड दाबतात, एका नळाला ३२ बादल्या लावल्यात, यापेक्षा जुनी तांब्याची लाइन बरी होती." बाकीचं एक वेळ ऐकून घेतलं असतं, पण मुद्दाम दाबतात हे फार लागलं. आणि दाबायचंच ठरवलं तर मी ९४ असा आकडा कशाला निवडेन, सरळ ५० नाही का करणार?

आधी ३२ चं सांगतो. हो, एका लाइनवर ३२ घरं असू शकतात, कुठे कुठे ६४ पण करतात. ऑफिसात ओएलटी नावाचं मशीन असतं, त्याच्या एका पोर्टमधून एकच फायबर निघते, वाटेत स्प्लिटर लागतो, तो त्याच उजेडाचे ३२ भाग करतो. स्प्लिटरला वीज लागत नाही, बॅटरी लागत नाही, म्हणून तर तो डब्यात वर्षानुवर्षं गुपचूप चालतो. याला जीपॉन म्हणतात, आम्ही काढलेली युक्ती नाही, जगभर घराघरात फायबर अशीच जाते. डाउनलोडचा उजेड १४९० नॅनोमीटर वेव्हलेंथचा, म्हणजे उजेडाचा एक ठरावीक रंग म्हणा, तो सगळ्याच घरांत पोचतो, पण प्रत्येक मोडेम फक्त आपला डेटा उचलतो, शेजाऱ्याचा एन्क्रिप्ट केलेला असतो. अपलोडचा १३१० चा, त्याच फायबरमधून उलटा येतो, आणि तिथे ओएलटी प्रत्येक मोडेमला बोलायची वेळ नेमून देते, मायक्रोसेकंदांच्या हिशोबात, नाहीतर सगळ्यांचे सिग्नल एकमेकांवर आदळतील.

या एका पोर्टला डाउनलोडला जवळजवळ २.५ जीबीपीएस, म्हणजे २५०० एमबीपीएस मिळतात, अपलोडला सव्वा जीबीपीएस. भागाकार तुम्हीही करू शकता, २५०० भागिले ३२ केले की प्रत्येकी ७८ येतात. म्हणजे ३२ च्या ३२ घरांनी एकाच वेळी फुल डाउनलोड लावलं तर कोणालाच ३०० मिळणार नाहीत, हे मी लपवत नाही. पण तसं होत नाही ना. फोर-के पिक्चर बघायला २५ च्या आसपास पुरतात, बाकी लोक मेसेज वाचतात, व्हिडिओ कॉल करतात, कोणाची मोठी फाइल उतरली की लाइन परत मोकळी. तुमच्या पोर्टचा ग्राफ मी स्वतः काढून बघितला, रात्रीच्या गर्दीतही तो अर्ध्यावर जात नाही. नळ-बादलीचं उदाहरण वाचायला झकास आहे, पण इथे लागू नाही.

आणि गर्दीने स्पीड पडतो तेव्हा आकडा नाचतो. आत्ता २१०, मिनिटाने १४०, परत २६०, पहाटे एकदम फुल. तुम्ही टाकलेले स्क्रीनशॉट तुम्हीच परत बघा. दुपारी ९४, रात्री ९४, पहाटे ९४, अपलोडसुद्धा ९४. जागचा हलत नाही. हा १०० एमबीपीएसच्या लॅन पोर्टचा, म्हणजे मोडेम-राउटरची वायर जिथे खोचतात त्या जागेचा आकडा आहे साहेब! १०० मधून डेटाच्या प्रत्येक पॅकेटवरच्या हेडरचं, म्हणजे पत्त्याबित्त्याचं ओझं वजा केलं की ९४-९५ उरतात, या लाइनमधल्या कोणालाही झोपेतून उठवून विचारा. राउटर गिगाबिटचा, म्हणजे १००० एमबीपीएसचा असला तरी त्या स्पीडला वायरच्या आठही तारा धड लागतात. एक जोडी आत तुटली किंवा जॅकमधे नीट बसली नाही की मोडेम आणि राउटर आपसात ठरवून १०० वर उतरतात, कारण १०० ला चारच तारा पुरतात. नेट चालू राहतं, म्हणून वायरवर कोणाचा संशयच जात नाही.

तुमचा मोडेम दाराजवळ आहे आणि राउटर हॉलमधे. मधली वायर आमची नाही, ती आधीच्या कनेक्शनची भिंतीतली जुनी वायर आहे. आमच्या पोराने तुमच्यासमोर फायबरमधला उजेड मोजायचा पॉवर मीटर लावला, वजा २० डीबीएम आलं (डीबीएम हे उजेडाच्या ताकदीचं माप, वजा आकडा जितका मोठा तितका उजेड कमी). ऑफिसातून निघताना साधारण २ मिलिवॅटचा उजेड असतो, तो स्प्लिटर आणि जॉइंट पार करून तुमच्या दारात ०.०१ मिलिवॅट उरतो. ऐकायला कमी वाटतं, पण मोडेमला वजा २७ पर्यंत चालतं, म्हणजे तुमच्याकडे उजेड भरपूर आहे. मग त्याने आपला लॅपटॉप आपल्या वायरने थेट मोडेमला लावला आणि २९० च्या वर गेलं. तुम्ही बघितलंत, तुमच्या मुलाने मोबाइलवर फोटोपण काढला. ही टेस्ट रिव्ह्यूत कुठेच नाही. तो म्हणाला बाहेरून नवी वायर ओढतो, तुम्ही म्हणालात रंग आत्ताच दिलाय, भिंतीला खिळे नकोत. बरोबर आहे, घर तुमचं आहे, खिळे मारायचे की नाही तुम्हीच ठरवणार. पण मग ९४ आमच्या नावावर का लिहिता?

तांब्याच्या लाइनचं थोडक्यात सांगतो, तांब्यात सिग्नल अंतराबरोबर मरतो, टेलिफोन एक्सचेंजच्या जवळ काही शे मीटर स्पीड चांगला आणि किलोमीटर-दीड किलोमीटरवर गेलं की घसरगुंडी. फायबरला २० किलोमीटरपर्यंत तोच स्पीड देता येतो. एक मात्र कबूल, लाइट गेली तरी जुना फोन चालायचा, कारण त्याला लागणारी वीज एक्सचेंजमधून त्याच तारेने यायची. फायबरमधून वीज येत नाही, मोडेम आणि राउटर दोन्हीला घरची लागते, छोटा यूपीएस लावला की काम होतं. हे कनेक्शन देताना आम्ही सगळ्यांना सांगतो, तुम्हालाही सांगितलं असणार.

फोनचं काहीतरी करतोय, दुसरा नंबर ठेवायचा किंवा लाइन तुटली की आपोआप मेसेज जाईल असं काहीतरी, बघतोय. पुढे एक्सजीएस-पॉन, म्हणजे जीपॉनची पुढची पिढी, घ्यायचाही विचार आहे, त्यात डाउनलोड-अपलोड दोन्हीला १० जीबीपीएस येतात, आणि ते याच फायबरवरून वेगळ्या वेव्हलेंथवर जातं, त्यामुळे रस्ता परत खोदावा लागत नाही, ऑफिसातलं मशीन आणि घरचा मोडेम तेवढा बदलायचा. कधी ते आत्ता नक्की सांगत नाही, खर्चाचं जमलं की करू.

परवा एका सोसायटीशी नव्या कनेक्शनचं बोलणं जवळजवळ पक्कं झालं होतं, त्यांच्या सेक्रेटरींनी तुमचाच रिव्ह्यू दाखवला आणि म्हणाले, जरा थांबू. आमची पोरं पावसात खांबावर चढतात, त्यांच्याही घरी हप्ते आहेत. दीड दिवसाचं जे लिहिलंय ते राहू द्या, फोनचंही राहू द्या, ते तुम्ही भोगलंय. तुमच्याकडे कुठूनही चांगली आठ तारांची एक लॅन वायर आणा, मोडेमपासून राउटरपर्यंत जमिनीवरून नुसती सोडा, खिळा एकही नको, आणि एकदा स्पीड टेस्ट करा. ३०० च्या आसपास आला तर "मुद्दाम दाबतात" ही ओळ तेवढी काढा. नाही आला तर मला फोन करा, मी स्वतः येतो.