टॅपेटच्या त्या फॉरवर्डबद्दल: नुसती टी खूण बघून थांबू नका

व्हॉट्सअ‍ॅपवर एक फॉरवर्ड फिरतोय, "स्प्लेंडरचं टॅपेट घरीच करा, 5 मिनिटांत". टॅपेट करणं म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारी दांडी (रॉकर) यांच्यामधला बारीक गॅप स्क्रूने लावणं. त्यात सांगितलंय की प्लग काढायची गरज नाही, सेल्फची टिचकी मारा नाहीतर पाना लावून कुठल्याही बाजूला इंजिन फिरवा, मॅग्नेटवरची (इंजिनाच्या डाव्या बाजूच्या चाकावरची) टी खूण, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर आल्याची खूण, दिसली की थांबा आणि गरम इंजिनावर आवाज जाईपर्यंत टॅपेट टाइट करा. घरी करा हे मला पटतं, काम खरंच अवघड नाही, पण बाकीचं वाचून जीव घाबरला कारण लोक तसंच करतायत.

सगळ्यात मोठी चूक त्या टी खुणेची. फोर स्ट्रोक इंजिनात क्रँक (पिस्टन फिरवतो तो दांडा) दोनदा फिरतो तेव्हा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) एकदा फिरतो, म्हणजे एका सायकलमध्ये टी खूण दोनदा येते. एकदा कॉम्प्रेशनला, तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह बंद. दुसऱ्यांदा एक्झॉस्ट संपताना, तेव्हा दोन्ही थोडे थोडे उघडे असतात. माझ्या मावसभावाने नेमका या दुसऱ्या खुणेवर गॅप लावला होता, गाडी सुरू केल्यावर शिलाई मशीनसारखा आवाज. होणारच, रॉकर कॅमवर उचललेला असताना फिलर (गॅप मोजायची पातळ पट्टी) बसेल एवढा स्क्रू सोडला, मग व्हॉल्व्ह बंद झाल्यावर खरा गॅप कितीतरी जास्त निघणार. मी प्लग काढून भोकावर अंगठा ठेवला आणि त्याला इंजिन हळूहळू फिरवायला सांगितलं. हवा अंगठा ढकलून फुस्स करून बाहेर आली, त्याच्या लगेच पुढची टी खूण ती खरी. तिथे दोन्ही रॉकर बोटाने हलवून बघायचे, जरासे खुळखुळले पाहिजेत. एखादा घट्ट लागला तर अजून एक पूर्ण फेरा. खूण केसभर पुढेमागे झाली तरी गॅप बिघडत नाही, स्ट्रोक चुकला तर मात्र सगळंच चुकतं.

आता प्लग. प्लग आत असला की कॉम्प्रेशन पिस्टनला खुणेवर थांबूच देत नाही, झटका देऊन पुढे नाहीतर मागे ढकलतं. शिवाय स्प्लेंडरचं इंजिन डाव्या बाजूने बघितलं तर घड्याळाच्या उलट फिरतं, आणि मॅग्नेटचा नट सैल होतो तोही त्याच दिशेने! कॉम्प्रेशनशी झटापट करत पाना ओढला तर इंजिन फिरायच्या ऐवजी नटच सुटू शकतो. प्लग काढला की दोन बोटांच्या जोरात फिरतं.

सेल्फ तर अजिबात नको. गोटी (पान्याचा सॉकेट) नटवर अडकलेली असताना सेल्फ बसला तर हँडल गरकन फिरून मनगट मोडेल. आणि प्लग काढून सेल्फ मारला तर भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते, बाजूला लोंबणाऱ्या प्लगची ठिणगी तिला पेटवू शकते. पाना नसेल तर डबल स्टँडवर टॉप गिअर टाकून मागचं चाक पुढच्या दिशेने फिरवा, तेही चालतं.

"कुठल्याही बाजूला"? नाही, इंजिन चालतं त्याच बाजूला. उलट फिरवलं की टायमिंग चेनची (क्रँकवरून कॅम फिरवणाऱ्या चेनची) ढिलाई दुसऱ्या बाजूला जाते, टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) थकलेला असेल तर चेन दात सोडू शकते. खूण पुढे गेली तर मागे ओढू नका, दोन फेरे पुढे फिरवून परत या.

आणि आवाज जाईपर्यंत टाइट करणं म्हणजे गाडीचं नुकसान हाताने करणं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटवर (हेडमधल्या त्याच्या बसायच्या कड्यावर) टेकतो तेव्हाच त्याची उष्णता हेडमध्ये उतरते, गॅपच नसेल तर तो पूर्ण टेकत नाही आणि जळतो. जळेपर्यंत आवाज काहीच येत नाही, म्हणून लोक फसतात. होंडाच्या जुन्या कब इंजिनांना गॅप 0.05 मिमी असायचा, तुमच्या गाडीचा मॅन्युअलमध्ये बघा, आणि तो आकडा थंड इंजिनाचा असतो, म्हणून गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी करा.

लॉकनट (टॅपेटचा स्क्रू जागेवर धरणारा नट) कसताना स्क्रू सोबत थोडा फिरतोच, त्यामुळे कसून झाल्यावर फिलर परत घालून बघा, मग हाताने दोन फेरे फिरवून अजून एकदा, आणि मगच प्लग लावा.