म-ग-र म्हणजे सुसर

आमचा सोन्या जूनमध्ये पहिलीत गेला आणि आमच्या घरातली संध्याकाळ नाहीशी झाली. पूर्वी साडेसहाला चहा असायचा. आता साडेसहाला वाचन असतं आणि चहा रडारड आटोपल्यावर. रडणारा दर वेळी सोन्याच असतो असंही नाही.

पहिल्याच आठवड्यात तक्त्यावरच्या एका चित्राखाली बोट ठेवून त्याला म्हटलं, "वाच बघू." त्यानं एकेका अक्षरावर बोट आपटत वाचलं, "म... ग... र."

मी हरखले. "शाब्बास! मग काय झालं?"

"सुसर!"

त्याचं आजोळ सांगलीचं. कृष्णेतल्या त्या प्राण्याला मामाच्या घरी सगळे सुसरच म्हणतात. चित्रात सुसर दिसतेय, खाली कुणी काही का लिहिना! त्याच न्यायानं 'घ-र' वाचून 'बंगला' झाला. 'ग-ड' वाचून तर तो "अजिंक्यतारा!" म्हणाला. आमच्या गॅलरीतून समोर अजिंक्यताराच दिसतो, त्यामुळे साताऱ्यात राहून हे उत्तर चूक म्हणायला माझी जीभ रेटेना.

तसं बघितलं तर पोराची चूक नव्हती. आपण 'बदक' म्हणताना शेवटचा क निम्मा गिळतो. तक्त्यावर मात्र ब, द आणि क तिघेही ताठ, पूर्ण, जणू एकमेकांशी बोलणं नाही. या तिघांना ओळीनं हाका मारल्या की पाण्यात पोहणारा पक्षी का तयार व्हावा, हे मला काही केल्या समजावून सांगता येईना. चाळीस वर्षं मी वाचतेय, पण वाचते कशी हे कुणी विचारलंच नव्हतं. शेवटी म्हटलं, "भरभर म्हण." तो भरभर म्हणाला. "कबद."

इथे अण्णांनी सूत्रं हातात घेतली. अण्णा म्हणजे माझे सासरे, निवृत्त केंद्रप्रमुख. आयुष्यभर गावोगावच्या शाळा तपासल्या. आता तपासायला घरातला एकच वर्ग, पट एक, हजेरी सक्तीची. त्यांचं म्हणणं सरळ होतं. आधी क ते ज्ञ ओळीनं, मग बाराखडी, मग जोडाक्षरं, आणि हे सगळं दिवाळीच्या आत. शाळेतल्या बाई मात्र अक्षरं ओळीनं घेत नाहीत. ज्या चारपाच अक्षरांचे चटकन शब्द होतात ती आधी. त्यामुळे क नंतर एकदम म आला. त्या रात्री अण्णांना दोन घास कमी गेले.

"ख कुठं गेला?"

"येईल की अण्णा, ऑगस्टात."

"तोवर पोरानं खायचं काय? खाऊ म्हणता यायचा नाही त्याला!"

मग वहीतून चौदाखडी घरी आली. बारा खणांच्या पुढे आणखी दोन, ॲ आणि ऑ. अण्णांनी पाटी काढून हिशेब मांडला. क पासून ज्ञ पर्यंत ३६, गुणिले १२, झाली ४३२ अक्षरं. आता गुणिले १४, म्हणजे ५०४. "बहात्तर वाढली!" ते अशा सुरात म्हणाले, की जणू पंगतीला बहात्तर पानं न सांगता आली होती. 'ज्ञॉ'वरून सुरू होणारा शब्द ते अजून शोधताहेत.

त्यात त्यांच्या वाचनात निपुण भारत अभियान आलं. ५ जुलै २०२१ ला ते सुरू झालं आणि तिसरीच्या अखेरीस मुलाला मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचता यावेत, असं त्यातलं एक उद्दिष्ट. अण्णांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. मी म्हटलं, "अण्णा, तिसरीच्या." ते म्हणाले, "मग आत्तापासून नको का धरायला?" सोन्याचा वेग तेव्हा मिनिटाला दीड शब्द होता, तोही 'बंगला' धरला तर.

नवऱ्यानं मोबाइलवर ॲप घेऊन दिलं. अक्षर बरोबर ओळखलं की माकड टाळ्या वाजवतं, चुकलं की झाडावरून पडतं. पडतानाचं माकड जास्त गमतीदार आहे, हे सोन्याला दोन मिनिटांत कळलं. त्यानंतर त्यानं एकही अक्षर चुकून बरोबर सांगितलं नाही.

मधल्या एका रविवारी भिलारलाही जाऊन आलो. पाचगणी आणि महाबळेश्वरच्या मधलं हे गाव ४ मे २०१७ पासून पुस्तकांचं गाव झालंय. घराघरांत पुस्तकं मांडलेली, कुणीही जावं, बसून वाचावं. सोन्यानं तिथे स्ट्रॉबेरीचं आइस्क्रीम खाल्लं. पुस्तकांना डाग पडू नये म्हणून आम्ही त्याला लांब बसवलं होतं. पुस्तकांशी आला तेवढाच संबंध.

खरी गाडी सुरू झाली ती एसटी स्टँडवर. कुणाला तरी पोचवायला गेलो होतो. समोर बस लागली आणि तिच्या पाटीला ना काना, ना मात्रा, ना वेलांटी. फ-ल-ट-ण. चित्र नाही, त्यामुळे अंदाज बांधायची सोय नाही. सोन्या तोंडातल्या तोंडात पुटपुटला आणि एकदम ओरडला, "फलटण!" मला तिथल्या तिथे जिल्ह्याबद्दल उमाळा आला. कुणी ठरवून केल्यासारखा आमचा सातारा जिल्हा पहिलीच्या पोरांसाठी पायरीपायरीनं रचलाय. आधी फलटण. मग कान्याचे पाटण, खटाव आणि साक्षात सातारा, ज्यात कान्याशिवाय दुसरं काही नाहीच. मग वाई, मेढा. त्यातून वर चढलात की वडूज, कोरेगाव, दहिवडी. आणि सगळ्यांत शेवटी, घाट चढून गेल्यावर, महाबळेश्वर.

तेव्हापासून दर रविवारी आम्ही स्टँडवर. कंडक्टर विचारतात, "ताई, कुठं जायचंय?" मी म्हणते, "कुठं नाही, वाचतोय." ते माझ्याकडे, मग माझ्या पिशवीकडे बघतात आणि डबल बेल देतात. अडचणी येतात, नाही असं नाही. नव्या गाड्यांच्या पाट्यांवर दिव्यांची अक्षरं पळतात. सोन्या 'को'शी झटत असतो तोवर 'गाव' निघून गेलेलं असतं. कराड कुठे कराड आहे, कुठे कऱ्हाड. त्या ऱ्ह पाशी सोन्या थांबला आणि म्हणाला, "आई, हा कोण?" मी म्हटलं, "र आहे." "र तर मला येतो." आता काय सांगणार? घरात असतो तसा हा बाहेर नसतो बाबा. सूर्याच्या डोक्यावर बसतो, चक्राच्या पायाशी लोळतो आणि कऱ्हाडला गेला की कोयता होतो.

बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "जोडाक्षरं इतक्यात नकोत. गोंधळतो तो." अण्णांना हे सांगितल्यावर ते तुच्छतेनं हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी कागदाच्या पट्ट्या कापल्या आणि वळणदार अक्षरांत घरभर चिठ्ठ्या डकवल्या. रवा, पोहे, मीठ, गूळ इथपर्यंत ठीक. पण पुढे स्वयंपाकघर, छत्री, ग्रंथ, चक्क 'उष्ण पाणी'. पोरगं येताजाता वाचेल, ही कल्पना. अण्णांच्या फडताळातल्या औषधांवर तर त्यांच्या चिठ्ठ्या आधीपासून होत्याच.

दसरा झाला आणि एका संध्याकाळी सोन्या स्टुलावर चढून त्या फडताळापाशी उभा दिसला. हातात स्टीलचा डबा. "त्... ति... त्रि." मी कणकेचे हात तसेच ठेवून दारात थबकले. "फ... ळा. त्रिफळा!"

जोडाक्षर! वर पहिली वेलांटी! वर ळ! मी घर डोक्यावर घेतलं. नवरा मोबाइल सोडून आला. गॅलरीतून अण्णा आले, तेही जरा घाईनंच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं, "शाब्बास! मग काय झालं?"

सोन्यानं झाकण उघडून आत पाहिलं.

"कंदी पेढा!"

"परत अंदाज!" मी ओरडले. "किती वेळा सांगितलं, अक्षरं बघ, चित्र बघून सांगायचं नाही!"

त्यानं डबा माझ्यापुढे धरला.

गेले चार महिने रोज रात्री जेवण झालं की अण्णा नेमानं त्रिफळा घेताहेत आणि साखर का उतरत नाही म्हणून डॉक्टर गोळ्या बदलताहेत. कुणीच काही बोललं नाही. सोन्यानं तेवढ्यात एक त्रिफळा तोंडात टाकला.

अण्णा खाली बघत म्हणाले, "बाई म्हणत होत्या तेच बरोबर. जोडाक्षरं इतक्यात नको होती."