कोल्याच्या फेसाने बॅटरी साफ होत नाही

"टर्मिनलवर पांढरी-निळी बुरशी आली? वरून कोला ओता, पाच मिनिटं थांबा, पुसून घ्या. काही खोलायची गरज नाही, बॅटरी नव्यासारखी!" हा संदेश सगळीकडे फिरतोय, आणि सोबतच्या व्हिडिओत फेस उसळताना दिसला की तो पटतो. मलाही पटला होता. टर्मिनल लखलखीत झालं, आणि दोनच दिवसांनी सकाळी गाडी सेल्फ घेईना, नुसती टकटक. टर्मिनलवर तार आवळून धरणारा क्लॅम्प खोलून पाहिला तर आतला राखाडी थर जागच्या जागी होता.

"कोल्यातलं ॲसिड बुरशी खाऊन टाकतं." ही बुरशी मुळात ॲसिडमुळेच येते. बॅटरीत वजनाने साधारण ३५ ते ३७ टक्के सल्फ्युरिक ॲसिड असतं. त्याचे तुषार बाहेर पडून शिशाला लागले की पांढरं लेड सल्फेट तयार होतं, तांब्याला लागले की निळं कॉपर सल्फेट, म्हणजे आपलं मोरचूद. मोरचूद साध्या कोमट पाण्यातही विरघळतं, त्यासाठी कोला कशाला? लेड सल्फेट मात्र पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, ते ब्रशने घासूनच काढावं लागतं. आणि सांडलेलं ॲसिड कोल्यातल्या फॉस्फरिक ॲसिडने मरत नाही. त्याला खाण्याचा सोडाच हवा: पेलाभर कोमट पाण्यात चमचाभर.

"फेस येतो म्हणजे काम होतंय." कोल्याचा फेस हा बहुतेक बाटलीत भरलेला वायूच असतो, खरखरीत जागा मिळाली की तो सुटतो. सोड्याचे बुडबुडे वेगळे. ते ॲसिडशी झालेल्या क्रियेतून येतात आणि ॲसिड संपलं की थांबतात. सोडा टाकूनही बुडबुडे येत नाहीत, तेव्हा जागा निवळली असं समजावं. हे पाणी बॅटरीच्या आत मात्र थेंबभरही जाऊ देऊ नका, आतलं ॲसिडच मारलं जाईल. बुचं असतील तर आधी घट्ट करा.

कोल्यात १०० मिलिलिटरला १० ग्रॅमच्या आसपास साखर असते. नुसतं पुसून ती जात नाही. चिकट थर राहतो, त्यावर धूळ आणि ओल धरते.

"खोलायची गरज नाही." सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं. वीज वाहते ती बॅटरीचा खांब, म्हणजे टर्मिनल, आणि क्लॅम्प एकमेकांना चिकटतात तिथून, आणि ती जागा वरून दिसतच नाही. सेल्फ मारताना तिथून दीडशे अँपिअरच्या घरात करंट जातो. सांध्यात फक्त ०.०१ ओहमचा अडथळा असला तरी दीड व्होल्ट तिथेच खर्ची पडतो. बॅटरी ठणठणीत असूनही गाडी टकटक करते ती यामुळे. मल्टिमीटर असेल तर एक टोक खांबावर, दुसरं क्लॅम्पवर धरा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. आकडा शून्याजवळ हवा. अर्धा व्होल्ट दिसला तर सांधा खराब आहे, बाहेरून कितीही चमकत असू दे.

म्हणून क्लॅम्प काढायचाच. गाडी बंद करून आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह, बसवताना उलट. कारण साधं आहे: निगेटिव्ह जोडलेली असताना पॉझिटिव्ह सोडवणारा पाना गाडीच्या पत्र्याला टेकला तर थेट शॉर्ट होतो. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, आणि हवेत तो ४ टक्के झाला तरी पेट घेऊ शकतो. तिथे ठिणगी नको. हातमोजे आणि चष्मा घाला. ती पूड फुंकून उडवू नका, त्यात शिसं आहे. सोड्याच्या पाण्याने आणि ब्रशने घासा, साध्या पाण्याने धुवा, पूर्ण कोरडं करा, खांब आणि क्लॅम्पची आतली बाजू पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासा. क्लॅम्प घट्ट आवळल्यावर वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात द्या.

"बॅटरी नव्यासारखी." बाहेरची बुरशी काढल्याने आतल्या झिजलेल्या प्लेटा सुधारत नाहीत. गाडी काही तास बंद ठेवून व्होल्टेज बघा: १२.६ च्या आसपास म्हणजे पूर्ण चार्ज, १२ म्हणजे जवळपास रिकामी. आणि साफ केल्यावर महिनाभरात बुरशी परत आली तर पुन्हा घासत बसू नका. इंजिन चालू असताना टर्मिनलवर १५ व्होल्टच्या वर दिसत असेल तर अल्टरनेटर जास्त चार्ज करतोय. तो आकडा ठीक असेल तर खांबाच्या बुडाशी बारीक चीर आहे का पाहा. ॲसिड तिथूनही झिरपतं.